आरशाची सद्दी

ज्या तंट्यांत दोन्ही पक्षांचें म्हणणें रास्त असतें तो तंटा मिटविणें फार अवघड. कॅमेऱ्याच्या पोटांत असा एक तंटा दीडशेंहून अधिक वर्षें चालला होता. भिंगांतून आंत येणाऱ्या प्रकाशावर दोघांचा हक्क. एक हक्कदार छायाचित्रकाराचा डोळा. दुसरा, चित्र टिपून घेणारी काच किंवा फिल्म. डोळ्याला तो प्रकाश आधीं हवा, कारण पाहिल्यावांचून नेम धरतां येत नाहीं. फिल्मला तो नंतर हवा, आणि तोंवर तिला ठार काळोख हवा. क्षणभर आगाऊ उजेड लागला तरी ती वायां जाते. प्रकाश एकच, मागणारे दोघे, आणि दोघांची वेळ निराळी.

हा तंटा सोडविण्याची जी जी युक्ति माणसाला सुचली तिच्यापासून कॅमेऱ्याची एकेक जात निपजली. त्यांत सर्वांत यशस्वी ठरला तो बोटभर लांबीचा एक आरसा. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत या आरशाची सद्दी होती. एकविसाव्या शतकाचीं पहिलीं वीस वर्षें संपतां संपतां ती ओसरली. आरशाचा डिजिटल कॅमेरा, म्हणजे डी.एस.एल.आर., आणि बिनआरशाचा नवा कॅमेरा, ज्याला बाजारांत मिररलेस म्हणतात, या दोहोंची तुलना घरोघर होते ती बहुधा वजनाच्या व किंमतीच्या कांट्यावर. परंतु तिचें खरें मर्म या जुन्या तंट्यांत आहे.

मुंबईंत १८५४ सालीं फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. त्या काळचा छायाचित्रकार कसें काम करी हें पाहिलें म्हणजे तंट्याचें मूळ स्वरूप ध्यानांत येतें. तिपाईवर मोठी लाकडी पेटी, पुढें भिंग, मागें घांसून धुरकट केलेली काच. छायाचित्रकार डोक्यावरून काळें कापड ओढून घेई आणि त्या काचेवर उमटलेलें बिंब न्याहाळी. तें बिंब खालचें वर आणि उजवें डावें असें पुरतें उलटें असे. तरी तें त्याच भिंगाचें असल्यामुळें त्यांत फसगत होण्याचें कारण नसे. पण एकदां नेम ठरला कीं, ती काच बाजूला करून तिच्या जागीं रासायनिक लेप दिलेली काच सरकवावी लागे. तेथून पुढें कॅमेऱ्यांतून पाहण्याची सोय नाहीं. समोरच्या गृहस्थानें मान वळविली किंवा मांडीवरच्या मुलानें पाय हलविला, तरी चौकटींत काय बदललें हें त्याला अदमासानेंच ओळखावें लागे. इमारतींचें व निश्चल बसलेल्या माणसांचें काम अशा रीतीनें भागलें; धांवत्या जगाचें भागेना.

यावर पहिला तोडगा सरळ होता. डोळ्याला निराळी खिडकी द्यावी आणि भिंग सर्वस्वीं फिल्मच्या स्वाधीन करावें. सिनेमाच्या अरुंद फिल्मवर चालणारा ऑस्कर बार्नाक यांचा लायका हा खिशांत मावणारा कॅमेरा १९२५ सालीं जर्मनींत विक्रीस आला, तो याच तत्त्वावर. १९२९ सालच्या रोलिफ्लेक्सनें तर डोळ्यासाठीं दुसरें भिंगच बसविलें. वरच्या भिंगांतून पाहावें आणि खालच्यांतून चित्र घ्यावें. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकलेल्या होमाई व्यारावाला या भारताच्या पहिल्या स्त्री-वृत्तछायाचित्रकार. त्यांच्या आवडत्या साधनांत हा दुहेरी भिंगांचा रोलिफ्लेक्स होता.

पण वाटणी करून दिली म्हणजे भाऊबंदकी संपतेच असें नाहीं. खिडकी एका जागीं आणि भिंग दुसऱ्या जागीं असल्यामुळें दोघांना दिसणारें दृश्य तंतोतंत एक नसे. दूरच्या डोंगरापुढें त्या दोन बोटांच्या अंतराची मातब्बरी नाहीं. हातभर अंतरावरील फुलाचें चित्र घेतांना मात्र खिडकींत पूर्ण दिसलेली पाकळी चित्रांत छाटली जाते. शिवाय दूरचें जवळ आणणारें मोठें भिंग बसविलें तरी खिडकीला त्याची वार्ता नसते. डोळा एक पाहतो आणि फिल्म दुसरें टिपते, ही तक्रार कायमच राहिली.

दुसरा तोडगा आरशाचा. ती कल्पना कॅमेऱ्याहूनही जुनी होती. चित्रकारांच्या रेखाटनासाठीं अंधारी पेटी वापरीत. तींत तिरपा आरसा बसविला तर बिंब वरच्या काचेवर सुलटें पडतें, हें जर्मनीचे योहान क्रिस्टोफ स्टुर्म यांनीं १६७६ सालीं वर्णिलें होतें. छायाचित्रणाच्या कॅमेऱ्यांत असा आरसा घालण्याचें पेटंट इंग्लंडच्या थॉमस सटन यांनीं १८६१ सालीं घेतलें. भिंग एकच ठेवावें. त्याच्या मागें पंचेचाळीस अंशांत आरसा धरावा. पाहावयाचें असेल तोंवर आरशानें प्रकाश डोळ्याकडे वळवावा आणि चित्र घ्यावयाच्या वेळीं बाजूला होऊन तो फिल्मला द्यावा. दोघांनाही तोच प्रकाश, फक्त पाळीपाळीनें.

युक्ति खरी, पण ती अंगवळणीं पडावयास शंभर वर्षें लागलीं. ड्रेस्डेन येथील इहागे कारखान्याचा किने एक्झाक्टा १९३६ सालीं आला. हा अरुंद फिल्मवर चालणाऱ्या आरशाच्या कॅमेऱ्यांतील एक आरंभीचा कॅमेरा होय. तो छातीशीं धरून वरून खालीं पाहावें लागे. आणि बिंब उभें सुलटें असलें तरी आडवें उलटें असे. उजवीकडे धांवणारा घोडा काचेवर डावीकडे धांवे, आणि त्याचा पाठलाग करणारा हात नेमका चुकीच्या दिशेस वळे. चित्र घेतल्यावर आरसा वरच राही. पुढच्या चित्रासाठीं फिल्म सरकवीपर्यंत खिडकींत काळोख.

पहिला दोष पंचकोनी लोलकानें घालविला. आरशावरील बिंब या लोलकांत आंतल्या आंत परावर्तन पावून सुलटें होतें व डोळ्यासमोर येतें. १९४९ सालचा ड्रेस्डेनचा कॉन्टॅक्स एस आणि त्याच सुमाराचा इटलींतील रेक्टाफ्लेक्स यांनीं तो आणला. दुसरा दोष म्हणजे चित्र घेतल्यावर आरसा वर अडकून राहणें. त्यावर हंगेरींतील डुफ्लेक्सनें मार्ग दाखविला होता. १९५४ सालीं जपानच्या असाही कंपनीनें आपल्या असाहिफ्लेक्स टू-बी या कॅमेऱ्यांत आरसा क्षणार्धांत परत खालीं येईल अशी योजना करून ती लोकांच्या हातीं दिली. १९५९ सालीं निकॉन एफ आला. लोलक, परतणारा आरसा, बदलतां येणारीं अनेक भिंगें, हें सारें एका मजबूत पेटींत एकवटलें. तेथून पुढें वृत्तपत्राचा छायाचित्रकार असो, अरण्यांतील पशुपक्ष्यांचा अभ्यासक असो, कीं लग्नकार्यांत धांवपळ करणारा व्यावसायिक असो, त्याच्या हातीं आरशाचाच कॅमेरा दिसूं लागला.

अशा कॅमेऱ्याचें बटण दाबल्यावर आंत काय घडतें? भिंगाचें छिद्र ठरलेल्या मापाचें होतें. आरसा उसळून वर जातो. त्याच्या मागचा पडदा, म्हणजे शटर, उघडून मिटतें. आरसा पुन्हां खालीं येतो. हें सर्व सेकंदाच्या लहानशा अंशांत उरकतें. लोकांच्या कानांत बसलेला तो ‘खटक्’ आवाज पुष्कळसा या आरशाचाच. पाळीपाळीची ही व्यवस्था इतकी सुरळीत झाली कीं, तिची किंमत कोणाच्या सहसा मनांत येईना. परंतु किंमत होती. ज्या क्षणाचें चित्र निघतें नेमका तोच क्षण छायाचित्रकाराला दिसत नाहीं. उडी मारणाऱ्या खेळाडूचा जो आविर्भाव त्याला खिडकींत स्पष्ट दिसला, तो बहुधा चित्रांत नसतो. आणि जो चित्रांत असतो तो त्यानें पाहिलेला नसतो. या धंद्यांतील कसब म्हणजे मुख्यतः या आंधळ्या क्षणाचा अदमास.

तो क्षण टाळण्याचा प्रयत्नही झाला. कॅननच्या १९६५ सालच्या पेलिक्स कॅमेऱ्यांत आरसा हालतच नसे. तो अत्यंत पातळ व अर्धपारदर्शक असे. थोडा प्रकाश डोळ्याकडे वळवी आणि उरलेला आरपार फिल्मकडे सोडी. खिडकी कधींच काळवंडत नसे, पण दोघांनाही थोडें थोडें उपाशी राहावें लागे. लोकांनीं पुन्हां हालत्या आरशालाच पसंती दिली.

याच काळांत दुसरीकडे एक निराळी गोष्ट घडत होती. १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत विलर्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ यांनीं सी.सी.डी. या साधनाची कल्पना मांडली; तिजबद्दल २००९ सालीं त्यांना नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. प्रकाशाचें विजेच्या भारांत रूपांतर करून तो भार ओळीनें मोजून घेणारी ही सिलिकॉनची चकती. कोडॅक कंपनींत स्टीव्हन सॅसन यांनीं १९७५ सालीं तिच्या साह्यानें पहिला डिजिटल कॅमेरा जुळविला. त्याच्या चित्रांत आडवे शंभर व उभे शंभर असे दहा हजार बिंदु होते आणि एक चित्र कॅसेटवर उतरावयास २३ सेकंद लागत. १९९१ सालीं कोडॅकनें अशा संवेदकाची जोड निकॉन एफ-३ या आरशाच्या कॅमेऱ्याला देऊन तो विकावयास काढला. १९९९ सालीं निकॉनचा डी-१ आला. आणि २००३ सालीं कॅननचा ३००डी हजार डॉलरच्या आंत मिळूं लागला, तेव्हां डी.एस.एल.आर. मध्यम वर्गाच्या घरांत शिरला.

येथें इतिहासानें एक मौज केली. फिल्म गेली आणि तिच्या जागीं संवेदक आला, म्हणजे तंट्यांतील एक हक्कदारच बदलला. या नव्या हक्कदाराला काळोखाची अट नव्हती. संवेदकावर उजेड पडला म्हणून तो वायां जात नाहीं. त्यावरचें बिंब सेकंदाला अनेक वेळां वाचतां येतें, पुसतां येतें आणि पुन्हां वाचतां येतें. मग डोळ्यासाठीं प्रकाश वेगळा वळविण्याचें कारणच काय? संवेदकानें जें पाहिलें तेंच लहान पडद्यावर दाखवावें, म्हणजे झालें. १९९५ सालच्या कॅसिओ क्यूव्ही-१० सारखे स्वस्त कॅमेरे तसें करीतही होते. आरशाचें प्रयोजन संपलें होतें. तरी आरसा आपल्या जागीं राहिला.

याला तीन कारणें होतीं. पडद्यावरील चित्र त्या काळीं भरड असे आणि हलत्या वस्तूच्या मागें रेंगाळे; आरसा मात्र प्रकाशाच्या वेगानें दाखवी. दुसरें कारण, वस्तूवर भिंग आपोआप जुळविण्याचें काम. या कॅमेऱ्यांत मोठ्या आरशाच्या मागें एक छोटा आरसा असे. तो थोडा प्रकाश पेटीच्या तळाशीं बसविलेल्या मापकाकडे पाठवी, आणि तें मापक भिंग कोणत्या दिशेस व किती फिरवावें हें एका दमांत सांगे. संवेदकावरून जुळणी करणारे कॅमेरे तेव्हां मागें-पुढें चांचपडत. तिसरें कारण व्यवहाराचें. लोकांनीं व कारखान्यांनीं दशकेंच्या दशकें भिंगांत पैसा घातला होता, आणि तीं सारीं आरशाच्या मापानें घडविलेलीं होतीं.

२००८ सालीं आरशाच्या घरांतच बिनआरशाचा कारभार सुरू झाला. निकॉन डी-९० आणि कॅनन ५डी मार्क टू यांत चलच्चित्रें टिपण्याची सोय आली. त्यासाठीं आरसा वर अडकवून मागच्या पडद्यावर पाहावें लागे. चित्रण चालू असेतों आरसा बेकार. त्याच वर्षीं पॅनासॉनिकनें ल्युमिक्स जी-१ काढला. त्यांत आरसा नव्हता, लोलक नव्हता. खिडकींत एक बारीकसा इलेक्ट्रॉनिक पडदा होता. २०१३ सालीं सोनीनें जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा संवेदक असलेले अल्फा-७ मालिकेंतील कॅमेरे काढले, आणि २०१८ सालीं निकॉन व कॅनन हीं दोन्ही जुनीं घराणीं त्या वाटेनें निघालीं.

दोन जातींची रास्त तुलना करावयाची तर एकाच घराण्यांतील दोन भावंडें घ्यावींत: २०१७ सालचा निकॉन डी-८५० हा आरशाचा, आणि २०१८ सालचा निकॉन झेड-७ हा बिनआरशाचा. दोहोंच्या संवेदकांत बिंदु सारखेच, सुमारे ४ कोटी ५७ लाख. तेव्हां चित्राच्या तपशिलांत डावें-उजवें ठरविण्यासारखें फारसें नाहीं. फरक आहे तो पाहण्याच्या रीतींत, आणि बाकी सारे फरक त्यांतून निघतात.

डी-८५०चें वजन बॅटरी व कार्ड धरून १,००५ ग्रॅम. झेड-७चें ६७५ ग्रॅम. आरसा वर-खालीं व्हावयास जागा लागते, म्हणून जुन्या कॅमेऱ्यांत भिंगाची कडी संवेदकापासून ४६.५ मिलिमीटर दूर ठेवावी लागे. नव्यांत तें अंतर १६ मिलिमीटर आहे. या उरलेल्या साडेतीस मिलिमीटरांत एक पोकळ जोडकडी बसते. तेव्हां जुनें भिंग नव्या कॅमेऱ्याला लावतां येतें, पण नवें भिंग जुन्याला लावतां येत नाहीं. नव्या घरांत जुन्याला जागा आहे. जुन्या घरांत नव्याला नाहीं. जुळणीचे बिंदु डी-८५०मध्यें १५३ असून ते चौकटीच्या मध्याकडे गोळा झालेले आहेत. झेड-७मध्यें ते ४९३ असून चौकटीचा बहुतेक भाग व्यापतात. आणखी एक भेद असा कीं, जुन्यांत जुळणी तळाच्या मापकावर होते व चित्र संवेदकावर. दोहोंच्या अंतरांत केसभर फरक पडला तरी डोळ्यांऐवजीं कानाची पाळी स्पष्ट येते. नव्यांत मापन व चित्र एकाच पृष्ठावर होत असल्यामुळें ही तफावत उद्भवत नाहीं.

उलट बाजूही पाहावी. एका बॅटरीवर डी-८५० ठराविक प्रमाण-कसोटीप्रमाणें १,८४० चित्रें घेतो. झेड-७ त्याच कसोटीनें ३३०. कारण उघड आहे. आरशांतून पाहावयास वीज लागत नाहीं. पडद्यावर पाहणें हेंच विजेचें काम. जुन्या कॅमेऱ्याच्या खिडकींत तासभर डोळा लावून पक्ष्याची वाट पाहिली तरी खर्च फारसा नाहीं. नव्याच्या खिडकींत वाट पाहण्यालाही दाम पडतो.

नव्या रीतीचा मोठा लाभ मात्र त्या आंधळ्या क्षणाचा. सोनीच्या २०१७ सालच्या अल्फा-९ मध्यें सेकंदाला वीस चित्रें घेत असतांनाही खिडकी काळवंडत नाहीं. शिवाय तो आवाज करीत नाहीं. गाण्याच्या बैठकींत गवई समेवर येतांना, किंवा नाटकांतील स्तब्ध प्रसंगीं, आरशाचा खटका साऱ्या सभागृहाला ऐकूं जाई, तो गेला. आरंभीं या मूकपणांत एक खोट होती. संवेदक ओळीओळीनें वाचला जात असल्यामुळें वेगानें फिरणारी बॅट किंवा पंख्याचें पातें चित्रांत वांकडें येई. वाचण्याचा वेग वाढला तशी ती कमी झाली. निकॉनच्या २०२१ सालच्या झेड-९ मध्यें यांत्रिक शटरही ठेविलेलें नाहीं, आणि सोनीनें २०२३ सालीं जाहीर केलेल्या अल्फा-९ थ्री मध्यें सर्व बिंदु एकाच क्षणीं टिपले जातात.

जपानी कॅमेरा-उत्पादकांच्या संघाच्या आंकड्यांप्रमाणें आरशाचे कॅमेरे २०१२ सालीं सुमारे १ कोटी ६० लाख रवाना झाले. २०२० सालीं ते सुमारे २४ लाखांवर आले, आणि बिनआरशाचे सुमारे २९ लाख गेले. त्या वर्षीं प्रथमच पारडें फिरलें. पण २०१२ सालीं बिनआरशाचे कॅमेरेही सुमारे ४० लाख जात होते. म्हणजे आरशाची गादी नव्यानें घेतली खरी, पण राज्य तोंवर आटलें होतें. त्याचा मोठा मुलूख खिशांतल्या फोननें आधींच बळकावला होता.

आतां प्रश्न राहतो तो डोळ्याचा. न्यायशास्त्रांत इंद्रिय आणि विषय यांच्या सन्निकर्षांतून होणाऱ्या ज्ञानाला प्रत्यक्ष म्हणतात. आरशाच्या खिडकींत दिसतें तें या अर्थीं प्रत्यक्ष. समोरच्या झाडावरून निघालेला प्रकाशच भिंग, आरसा व लोलक यांतून डोळ्यांत शिरतो. नव्या खिडकींत येतो तो त्या प्रकाशाचा वृत्तांत. संवेदकानें पाहिलें, यंत्रानें त्याचा अर्थ लावला आणि पडद्यावर मांडला. डोळा तें वाचतो. वृत्तांत ताजा आहे, बहुतेक विश्वसनीय आहे, कांहीं बाबतींत प्रत्यक्षाहून उपयुक्तही आहे. चित्र उजळ येईल कीं काळपट, रंग कसा येईल, हें बटण दाबण्यापूर्वींच कळतें. सायंकाळच्या अंधुक प्रकाशांत तो डोळ्याला न दिसणारेंही दाखवितो. ज्याची दृष्टि वयानें मंदावली आहे त्याला बारीक भाग मोठा करून जुळणी करतां येते.

तरी दोहोंनीं माणसाला लावलेलें वळण निराळें आहे. आरशाच्या कॅमेऱ्यांत छायाचित्रकार जग पाही आणि चित्राचा अदमास करी. भर उन्हांतील पांढऱ्या भिंतीपुढें उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा काळा पडेल, हें खिडकी त्याला सांगत नसे. तें त्यानें अनुभवानें ओळखावयाचें असे. नव्या कॅमेऱ्यांत तो तयार होत असलेलें चित्रच पाहतो आणि त्यांत दुरुस्ती करतो. पहिल्यांत चुका अधिक होत, पण जग व चित्र या दोन वस्तु भिन्न आहेत ही जाणीव चुकेबरोबर पक्की होई. दुसऱ्यांत चुका कमी होतात. म्हणून ती जाणीव छायाचित्रकाराला स्वतःच्या प्रयत्नानें जागी ठेवावी लागते.

घरांत जुना डी.एस.एल.आर. असेल तर या इतिहासावरून तो अडगळींत टाकण्याचें कारण निघत नाहीं. त्याचीं चित्रें नवा कॅमेरा निघाल्यानें तिळभरही बिघडलीं नाहींत. त्याचीं भिंगें नव्या पेटीवरही चालूं शकतात. आणि नवशिक्याला प्रकाश पारखावयास शिकविण्याचें काम तो आजही उत्तम करील. खेळ, रंगभूमि, वन्य पशु अशा क्षणभंगुर विषयांमागें ज्याला धांवावयाचें आहे त्यानें मात्र नव्याकडे वळावें हेंच शहाणपणाचें. आरसा हरला तो त्याचें काम वाईट होतें म्हणून नव्हे. ज्या काळोखासाठीं त्याला राखणदार म्हणून उभें केलें होतें त्या काळोखाची गरज संपली. आणि तरीही आणखी कांहीं वर्षें तो प्रत्येक चित्रागणिक इमानानें बाजूला होत राहिला.